चाकाच्या एका फेरीचा हिशेब

बँकेच्या नोकरीत सदतीस वर्षे काढल्यावर माणसाला एक खोड जडते. समोर आकडा दिसला की तो कोठून आला, कोणी लिहिला आणि कशाशी ताडून पाहिला, हे विचारल्यावाचून चैन पडत नाही. निवृत्तीनंतर माझ्या सायकलच्या हँडलवर जो छोटासा मीटर बसला, त्याच्या आकड्यांना मात्र हे तीन प्रश्न विचारण्याचे मी सात महिने विसरलो. त्या विस्मरणाची किंमत ४९ वह्या इतकी होती. रक्कम म्हणून ती फार नाही. पण वह्या माझ्या नव्हत्या, आणि आकडा खोटा होता. म्हणून हा हिशेब वाचकांपुढे मांडत आहे. ज्यांच्या घरी सायकल आहे आणि तिच्यावर असा मीटर बसवण्याचा विचार आहे, त्यांना तो उपयोगी पडावा.

प्रसंग गेल्या दिवाळी पाडव्याचा. वहीपूजनाच्या निमित्ताने सांगलीतील माझे जुने स्नेही अण्णा यांच्या पेढीवर गेलो होतो. अण्णांचा कागद व वह्यांचा घाऊक व्यापार आहे. रक्तातील साखर आटोक्यात राहावी म्हणून डॉक्टरांनी मला रोज सायकल चालवण्यास सांगितले होते, आणि मी चार दिवस चालवून पाचव्या दिवशी सबब शोधत होतो. हे ऐकून अण्णा म्हणाले, "साहेब, तुम्ही आकड्यांचे माणूस. तुम्हाला व्यायामाने नव्हे, हिशेबाने बांधले पाहिजे. तुम्ही एक किलोमीटर चालवला की माझ्याकडून गरजू मुलांसाठी एक वही. हजारापर्यंत मी बांधील आहे. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी पुरे करा."

त्याच आठवड्यात मी मीटर विकत घेतला. दुकानात याला सायकल कॉम्प्युटर म्हणतात. नाव भारदस्त असले तरी काम एकच : चाकाच्या फेऱ्या मोजणे. बाकी सारे गुणाकार-भागाकार.

फेरीवरून अंतर

चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर काढण्याची युक्ती फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात अशा एका गाडीचे वर्णन केले आहे. तिच्या चाकाचा घेर साडेबारा रोमन फूट. चाकाच्या ४०० फेऱ्या झाल्या की ५००० फूट, म्हणजे एक रोमन मैल पुरा होई, आणि दातेरी चक्रांच्या योजनेतून एक गोटा खालच्या पेटीत पडे. मुक्कामी पोहोचल्यावर गोटे मोजले की मैल कळत. पुढे १८९५ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे कर्टिस व्हीडर यांनी सायकलसाठी मीटर तयार केला. त्यात स्पोकवर बसवलेली लहानशी खुंटी प्रत्येक फेरीला मीटरचे चक्र एक घर पुढे ढकली.

आजच्या साध्या मीटरमध्ये खुंटीच्या जागी चुंबक आले आहे. चुंबक पुढच्या चाकाच्या स्पोकवर बसते. समोर चिमट्यावर, म्हणजे फोर्कवर, सेन्सर असतो. या सेन्सरच्या पोटात काचेच्या बारीक नळीत लोहयुक्त धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळून गेले की त्या पट्ट्या क्षणभर एकमेकींना चिकटतात आणि विद्युतमंडल पुरे होते. याला रीड स्विच म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९३६ साली तो विकसित झाला. पट्ट्या चिकटल्या की एक फेरी जमा. ही नोंद वायरने हँडलवरील मीटरकडे जाते.

एका फेरीत सायकल किती पुढे गेली, हे मात्र मीटरला आपण सांगायचे असते. तो आकडा मिलिमीटरमध्ये एकदा भरला की मीटर त्याला फेऱ्यांनी गुणतो व अंतर दाखवतो. दोन फेऱ्यांमधील वेळ पाहून वेग काढतो. म्हणजे फेऱ्या यंत्राच्या आणि घेर आपला. कीर्द कितीही सुवाच्य असली तरी आरंभीची शिल्लक चुकीची ओढली असेल तर पुढचे प्रत्येक पान चुकीचेच निघते. इथेही तसेच आहे.

बसवण्याची रीत

मीटरच्या पेटीत साधारणपणे मीटर, हँडलवर बसणारी बैठक, तिला जोडलेली वायर व सेन्सर, चुंबक आणि प्लॅस्टिकच्या झिप टाय असतात. पाऊण तासात काम होते. घाई करू नये.

प्रथम बैठक हँडलवर अशा ठिकाणी लावावी की मान फार न वाकवता आकडा दिसेल आणि घंटी वाजवताना हात आड येणार नाही. खाली रबराची पट्टी घालावी, नाहीतर खड्ड्यांत ती फिरते. सेन्सर चिमट्याच्या एका दांडीवर, आतल्या बाजूस लावावा. झिप टाय आधी सैलच ठेवाव्यात. मग समोरच्या स्पोकवर चुंबक बसवून चाक हळूहळू फिरवावे. चुंबकाचा मध्य सेन्सरवरील खुणेच्या अगदी समोरून गेला पाहिजे आणि दोहोंत साधारण दोन ते तीन मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. मीटरच्या पत्रकात वेगळे अंतर दिले असेल तर तेच प्रमाण. चाक एका बाजूस थोडे वाकडे असेल तर ते पूर्ण फिरवून, चुंबक सेन्सरला घासत नाही ना, हे पाहावे. जमले की झिप टाय आवळून टोके कापावीत.

वायर पुढच्या ब्रेकच्या केबलभोवती गुंडाळत खाली न्यावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. वायर ताणली जात असेल तर ती काही महिन्यांत आतून तुटणार. फार सैल असेल तर स्पोकमध्ये अडकणार. दुसरी गोष्ट जिवावर बेतू शकते, म्हणून सायकलवर बसण्यापूर्वी पुढचे चाक उचलून जोरात फिरवून पाहणे चुकवू नये.

शेवटी मीटरमध्ये घेर भरायचा. टायरच्या कडेवर त्याचे माप उठवलेले असते. पत्रकातील तक्त्यात त्या मापासमोर घेर दिलेला असतो. उदाहरणार्थ, २६ × १.९५ मापाच्या टायरसाठी २०५० मिलिमीटर, ७०० × ३२ साठी २१५५, ७०० × २३ साठी २०९६. मीटर किलोमीटरवर आहे की मैलावर, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

मी हे सारे पत्रकाबरहुकूम केले. मीटर पहिल्याच फेरीला चालू झाला. पाडव्यापासून रोज सकाळी निघावे, कधी आयर्विन पुलावरून सांगलवाडीकडे, कधी तासगावच्या रस्त्याने, आणि घरी आल्यावर आकडा डायरीत उतरवावा, असा नेम जडला. पाच किलोमीटर झाले की पाच वह्या. थंडीत उठवत नसे तेव्हा डोळ्यांपुढे वह्या येत.

बिघाड शोधताना

मधल्या काळात मीटर दोनदा रुसला. त्या निमित्ताने जे शिकलो ते क्रमाने सांगतो. बँकेत मेळ बसत नसला की आम्ही सगळ्या खतावण्या एकदम उघडत नसू. एकेक बाजू निर्दोष ठरवत पुढे जात असू. इथेही तोच मार्ग बरा.

पडदा कोराच असेल तर दोष सेलचा. यात बहुधा सीआर २०३२ किंवा एलआर ४४ यांपैकी एखादा बटणासारखा सेल असतो. त्याची अधिक चिन्हाची बाजू योग्य दिशेला आहे का, आत एखादी प्लॅस्टिकची फीत राहिली आहे का, हे पाहावे. सेल कोरड्या फडक्याने पुसून बसवावा. सेल काढताच पुष्कळ स्वस्त मीटर भरलेला घेर आणि एकूण अंतर दोन्ही विसरतात. म्हणून सेल बदलण्यापूर्वी दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत. घरात लहान मूल असेल तर जुना सेल त्याच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास मोठा धोका असतो.

पडद्यावर घड्याळ दिसते, पण वेग शून्यच, असे असेल तर आधी चुंबक व सेन्सर पाहावेत. सायकल स्टँडवर दाटीने लावली की चुंबक स्पोकवर फिरून जाते किंवा सेन्सर सरकतो. माझा पहिला रुसवा हाच होता. देवळाबाहेर कोणाच्या तरी सायकलचे पेडल लागले होते. सगळे समोरासमोर असूनही आकडा येत नसेल तर मीटर बैठकीवरून काढावा. त्याच्या पाठीवर धातूचे दोन ठिपके असतात. कागद अडकवायची साधी धातूची क्लिप घेऊन ते दोन्ही ठिपके भराभर चार-सहा वेळा जोडावेत आणि सोडावेत. पडद्यावर वेग उमटला तर मीटर निर्दोष आहे. दोष वायरीत, सेन्सरमध्ये किंवा बैठकीच्या संपर्कात आहे. उमटला नाही तर मीटरच तपासावा लागेल. दोन मिनिटांच्या या परीक्षेने नवा मीटर घेण्याचा खर्च वाचू शकतो.

आकडा मधूनच येतो आणि मधूनच जातो, विशेषतः हँडल वळवताना, तर वायर आतून तुटत आली आहे असे समजावे. पावसाळ्यात मात्र आधी बैठकीवरील संपर्क पुसून पाहावेत. माझा दुसरा रुसवा ओलाव्याचा होता. कोरड्या फडक्याने तो मिटला. वेग वाढला की आकडा गळत असेल तर चुंबक व सेन्सर यांतील अंतर कमी करावे. तेवढ्याने भागले नाही तर दोन्ही चाकाच्या मध्याकडे, हबच्या दिशेने सरकवावेत. मध्याजवळ चुंबकाची गती कमी असते, म्हणून सेन्सरला त्याची नोंद घेण्यास अधिक वेळ मिळतो.

घेरासाठी भरलेला आकडा बरोबर असूनही सपाट रस्त्यावर वेग एकदम दुप्पट दिसू लागला तर चाकावर जुने चुंबक राहिलेले नाही ना, ते पाहावे. दोन चुंबके म्हणजे एका फेरीच्या दोन नोंदी. बिनवायरी मीटरमध्ये सेन्सर फार दूर असला तर आकडा येत नाही. आणि जवळचा एलईडी दिवा किंवा वरून जाणारी उच्च दाबाची वीजवाहिनी यांमुळे काही वेळा भलतेच आकडे उमटतात. पाच किलोमीटर चालवून तीनच्या आसपास आकडा दिसत असेल तर मीटर मैलावर लावलेला आहे.

हे सारे बिघाड एका अर्थाने प्रामाणिक असतात. शून्य दिसले की आपण थांबतो. ऐंशीचा वेग दिसला की हसतो आणि तपासतो. खरा घात करतो तो शहाणासुरता दिसणारा चुकीचा आकडा.

किलोमीटरचा दगड

मे महिन्यात पुण्याहून नातू आला. सातवीत गेला आहे. तो आला त्याच सकाळी माझ्या मीटरवर एकूण १००० हा आकडा पुरा झाला. घरी शिरा झाला. मी अण्णांना फोन केला. त्यांनी शंभराचा एक, असे वह्यांचे दहा गठ्ठे बांधायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी नातू दुसरी सायकल घेऊन माझ्याबरोबर निघाला. तासगावच्या रस्त्याला एका किलोमीटरच्या दगडाशी आम्ही पाणी प्यायला थांबलो. मी सहज त्या दिवसाचा आकडा शून्यावर आणला. पाचवा दगड आला तेव्हा नातवाने माझ्या हँडलवर वाकून पाहिले.

"आजोबा, पाच दगड झाले. तुमच्याकडे पाच पूर्णांक सव्वीस कसे?"

"दगड थोडे मागेपुढे असतात रे," मी म्हणालो. हे उत्तर मी इतक्या सहज दिले, याची मला नंतर लाज वाटली. कनिष्ठ कारकुनाने फरक दाखवला की साहेबाने असेच उत्तर द्यावे, तसे ते होते.

"मग परत जाताना मोजू," तो म्हणाला.

परत पहिल्या दगडाशी आलो तेव्हा मीटरवर १०.५१ होते. पाच दगडांत जी तफावत होती, तीच दहा किलोमीटरवर दुप्पट झाली होती. एखादा दगड चुकला असता तर फरक एकदाच पडला असता. प्रत्येक किलोमीटरला सारखाच वाढणारा फरक हा दराचा फरक असतो, हे व्याजाचे हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होते.

घरी येऊन पत्रक काढले, चष्मा लावला, तक्त्यावर पट्टी ठेवली. माझ्या टायरवर २६ × १.९५ असे होते. त्याच्यासमोर २०५०. मीटरमध्ये भरलेले होते २१५५. पाडव्याच्या आठवड्यात चष्म्याशिवाय वाचताना मी ७०० × ३२ च्या ओळीतील आकडा उचलला होता. ज्या माणसाने हाताखालच्या मुलांना पट्टी ठेवून ओळ वाचायला शिकवले, त्याने एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्याला टाकली होती.

तरी तक्त्यावर एकट्यावर विसंबू नये म्हणून आम्ही चाक प्रत्यक्ष मोजले. ही रीत घरोघरी करता येण्याजोगी आहे. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरावी. व्हॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खडूने खूण करावी. नेहमी चालवणाऱ्याने सायकलवर बसावे, कारण त्याच्या वजनाने टायर थोडा दबतो. सायकल सरळ पुढे ढकलावी आणि व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा खाली आला की दुसरी खूण करावी. मी बसलो, नातवाने हँडल धरले, आमच्या सौभाग्यवतींनी खडू धरला. तीन फेऱ्यांत ६ मीटर १५ सेंटिमीटर. तीनाने भागले की २०५० मिलिमीटर. नुसते २६ इंच धरून गणित केले तर घेर सुमारे २०७५ येतो; म्हणून पुस्तकी गणितापेक्षा खडू बरा. या मापात १० मिलिमीटरची चूक राहिली तर हजार किलोमीटरमध्ये जवळपास ५ किलोमीटरचा फरक पडतो.

मग हिशेब मांडला. २०५० मिलिमीटरच्या चाकाला एक किलोमीटर जाण्यासाठी सुमारे ४८८ फेऱ्या लागतात. माझा मीटर ४६४ फेऱ्यांतच किलोमीटर झाला म्हणून नोंद करत होता. व्यापारी घरातील वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. दुकानदाराच्या गजातून चार बोटे कापून टाकल्यासारखे ते झाले होते. हजाराचे प्रत्यक्षात ९५१ भरले. ४९ कमी. त्या दिवशीचे खरे १० धरले तरी ३९ किलोमीटर बाकी निघत होते.

खरे सांगायचे तर मनात एक विचार येऊन गेला. अण्णांना कळणार कसे? पाच टक्के म्हणजे फार नव्हे. शिवाय वह्या मुलांनाच जाणार. पण नातू वहीत हिशेब उतरवत बसला होता. त्याने उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि विचारले, "आता अण्णाआजोबांना कधी सांगायचे?"

संध्याकाळी आम्ही दोघे पेढीवर गेलो. मी डायरी आणि मीटरचे पत्रक दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले आणि चूक माझी आहे, यंत्राची नाही, हे आधी सांगितले. अण्णांनी पत्रकातील दोन्ही ओळींवर बोट फिरवले.

"साहेब, आमच्याकडे मापे ठरावीक मुदतीने तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात," ते म्हणाले. "तुमच्या मापावर शिक्का कोणी मारला होता?"

"कोणीच नाही. मीच भरले आणि मीच मान्य केले."

"मग आज या मुलाने मारला असे समजा." त्यांनी मुनीमजींना हाक मारली. "शेवटचा गठ्ठा बांधू नका. एकोणचाळीस वह्या बाजूला ठेवा. साहेबांचे किलोमीटर यायचे आहेत."

पुढच्या चार सकाळी आम्ही दोघे ते ३९ किलोमीटर चालवून आलो, मीटरमध्ये २०५० भरून. पहिल्याच सकाळी त्याच पाच दगडांवर मीटरने ५.०० दाखवले. चौथ्या दिवशी परस्पर पेढीवर गेलो आणि नातवाने स्वतःच्या हाताने त्या वह्या मोजून दहाव्या गठ्ठ्यात ठेवल्या. जूनमध्ये गठ्ठे शाळेत गेले.

वाचकहो, मीटर बसवाल त्या दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवून निघू नका. खडूने चाक मोजा, आकडा भरा आणि पहिल्या रविवारी सलग पाच-दहा किलोमीटरच्या दगडांवर त्याची परीक्षा घ्या. नवा टायर बसवला की पुन्हा मोजा. शक्य असेल तर मोजताना घरातील एखादे मूल बरोबर घ्या. आमच्या मीटरच्या पत्रकावर आता नातवाच्या अक्षरात एक ओळ लिहिलेली आहे : "आजोबांची सायकल, २०५० मि.मी., मोजले आणि तपासले." खाली त्याची सही आहे, आणि शेजारी माझी.